चार नग, तीन विमानं: आई-बाबांच्या बॅगा हरवू नयेत म्हणून

प्रश्न: आई-बाबा (वय ६४ आणि ६९) पहिल्यांदाच दोघंच अमेरिकेला येतायत. कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने मुंबई, मग फ्रँकफर्ट, शिकागो आणि शेवटी ओहायोतलं कोलंबस. चार मोठ्या बॅगा, दोन हातातल्या. मागच्या वर्षी मावशीची बॅग पाच दिवस सापडत नव्हती, तेव्हापासून आईने धसका घेतलाय. सामान हरवू नये म्हणून साधं, सोपं काय करता येईल?

उत्तर:

मी बावीस वर्षं मुंबई विमानतळावर न आलेल्या बॅगांच्या काउंटरवर काढली. सामानाचा पट्टा थांबला, सगळे निघून गेले आणि तरी एक कुटुंब तिथेच उभं आहे, अशी माणसं माझ्याकडे यायची. काही रडवेली, काही चिडलेली, बरीचशी दोन्ही. त्यामुळे तुमच्या आईंचा धसका मला अगदी ओळखीचा आहे. पण आधी त्यांना एवढं सांगा: मावशींची बॅग हरवली नव्हती, तिला उशीर झाला होता. या दोन्हींत फार फरक आहे.

विमानतळांना संगणकयंत्रणा पुरवणारी सिटा ही संस्था दरवर्षी आकडे काढते. २००७ साली जगभरात हजार प्रवाशांमागे जवळपास १९ बॅगांची काही ना काही गडबड व्हायची. २०२३ साली तो आकडा ६.९ वर आला. त्यातल्याही बहुतेक बॅगा फक्त उशिरा पोहोचलेल्या असतात. आणि सगळ्यात जास्त गडबड होते ती विमान बदलताना. २०२३ मध्ये अशा बॅगा जवळपास निम्म्या होत्या. तुमच्या आई-बाबांना दोनदा विमान बदलायचंय, म्हणून काळजी तिथे घ्यायची. चोरांची भीती बाळगून आठ कुलपं लावण्यात अर्थ नाही.

माझे आजोबा गिरणीत होते. गावी जाताना त्यांची लोखंडी ट्रंक असायची आणि तिच्या झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव, मु. पो., तालुका, जिल्हा असं सगळं ठसठशीत लिहिलेलं. ती ट्रंक एसटीच्या टपावर राहिली, दुसऱ्याच गावाला उतरली, तरी चार दिवसांनी कोणीतरी बैलगाडीत घालून आणून द्यायचं. ट्रंक स्वतःच सांगायची, मी कोणाची आणि मला कुठे जायचंय. आजची बॅग महाग असते, चार चाकांवर गिरक्या घेते, पण मुकी असते. तिचा सगळा बोलकेपणा कागदाच्या एका पट्टीवर, टॅगवर, आणि ती पट्टी फाटली की संपलं. माझ्याकडे महिनोन्महिने पडून राहायच्या त्या सगळ्या अशा मुक्या बॅगा.

एक प्रसंग सांगते. साताऱ्याकडच्या एक बाई नातवाला बघून परत आल्या होत्या. बॅग नाही. मी विचारलं, "बॅग कशी होती?" म्हणाल्या, "काळी. मोठी. चाकांची." हे उत्तर मी दिवसातून वीस वेळा ऐकायचे. कंपनी? माहीत नाही, जावयाने आणलेली. खूण? लाल फीत बांधली होती. तेव्हा मागच्या खोलीत काळ्या, मोठ्या, चाकांच्या अकरा बॅगा होत्या आणि त्यातल्या चारांना लाल फीत होती. शेवटी विचारलं, "आत अगदी वर काय ठेवलंय?" बाईंचा चेहरा एकदम खुलला. "नातवाचं जुनं दुपटं. पोपटी काठाचं. आठवण म्हणून आणलंय." जगभरातल्या विमान कंपन्या वर्ल्डट्रेसर नावाची एकच यंत्रणा वापरतात. बॅगेचा रंग, प्रकार, आतल्या वस्तू त्यात भरल्या की दुसऱ्या टोकाला सापडलेल्या बेवारस बॅगांशी ती जुळवून बघते. मी "दुपटं" इंग्रजीत कसंबसं बसवलं, पुढे "पोपटी काठ" लिहिलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. वाटेतल्या एका विमानतळावर टॅग तुटलेली बॅग उघडून पाहिली होती आणि वरच हिरव्या काठाचं बाळाचं पांघरूण होतं. नाव लिहिलेला एक कागद आत असता, तर पहिल्याच दिवशी काम झालं असतं.

म्हणून पहिलं काम कागदाचं. प्रत्येक बॅगेत, कपड्यांच्या अगदी वर, झाकण उघडताच दिसेल असा एक कागद ठेवा. त्यावर छापील इंग्रजीत नाव (पासपोर्टवर आहे तसंच, "अण्णा" किंवा "नाना" नको), अधिक ९१ लावून भारतातला नंबर, तुमचा अमेरिकेतला नंबर, ईमेल, कोलंबसच्या घराचा पत्ता आणि तिन्ही विमानांचे क्रमांक तारखांसह. लोक भारतातला पत्ता लिहितात आणि घराला कुलूप लावून निघतात. मग बॅग सापडते अमेरिकेत आणि निरोप जातो बंद घरात. परत येताना हा कागद बदलायचा, हे मात्र विसरू नका. बॅगेच्या बाहेर अडकवायच्या पट्टीवर घरचा पूर्ण पत्ता देऊ नये. नाव, फोन, ईमेल पुरे. घर दोन-तीन महिने बंद आहे हे साऱ्या गावाला कशाला सांगायचं?

खुणेबद्दल माझं मत जरा तिखट आहे. लाल फीत, साडीच्या काठाची चिंधी, देवळातला गोंडा यांतलं काहीही बांधू नका. एक तर ते सगळेच बांधतात. दुसरं, लोंबणारी कुठलीही गोष्ट कन्व्हेयरच्या सांध्यात अडकते. सुतळीच्या गाठींचंही तेच. आपल्याकडे बॅगेला सुतळीने आवळून बांधायची हौस फार, पण पट्ट्यावर सामान अडकून पडण्याची कारणं बघितली तर त्यात लोंबणारे बंद आणि दोऱ्या कायम असतात. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून रुंद, रंगीत चिकटपट्टी आणा, भगवी किंवा पिवळी. बॅगेच्या दोन्ही सपाट बाजूंवर मोठी फुली मारा आणि फुलीच्या पोटात ऑइलपेंटने आडनावाची अक्षरं काढा. दिसायला गावंढळ दिसेल, दिसू दे. ज्याच्या बॅगेवर भगवी फुली आहे त्याची बॅग दुसरा माणूस चुकून उचलत नाही. हेही हरवण्याचं एक मोठं कारण आहे: एकाच्या घाईत दुसऱ्याची बॅग घरी जाते आणि मग दोघंही माझ्यासमोर.

आता टॅगकडे. काउंटरवर बॅगेला जी लांब पांढरी पट्टी लावतात, ती बाबांनी वाचायला शिकायची. दोन मिनिटांचं काम आहे. पट्टीवर मोठ्या अक्षरांत तीन अक्षरी खुणा असतात, त्या विमानतळांच्या. मुंबई म्हणजे बीओएम, फ्रँकफर्ट एफआरए, शिकागो ओआरडी, तुमचं कोलंबस सीएमएच. (शिकागोला ओआरडी का? त्या विमानतळाचं जुनं नाव ऑर्चर्ड फील्ड होतं, त्याची ही आठवण.) जॉर्जिया राज्यातही एक कोलंबस आहे, त्याची खूण सीएसजी, म्हणून गावाच्या नावावर न जाता अक्षरं बघायची. आपल्याकडे हा घोटाळा गोव्यात होतो. दाभोळीची खूण जीओआय. जानेवारी २०२३ मध्ये मोपाची उड्डाणं सुरू झाली, त्याची खूण जीओएक्स. नव्याची नवलाई होती त्या दिवसांत एका लग्नाच्या वऱ्हाडाची बॅग मोपाच्या ऐवजी दाभोळीला गेली होती. आत नवरदेवाचा शेला. दोन विमानतळांत साठ-सत्तर किलोमीटरचं अंतर, मुहूर्त सकाळचा. पुढे काय झालं ते सांगत नाही, पण शेला उधारीचा होता एवढं कळलं.

टॅगवर दहा आकडी क्रमांक असतो. त्याचे दुसरा ते चौथा हे तीन आकडे विमान कंपनीचे, शेवटचे सहा त्या बॅगेचे. याच क्रमांकाचा छोटा तुकडा काउंटरवाले बोर्डिंग पासच्या किंवा पासपोर्टच्या मागे चिकटवतात. चार बॅगा म्हणजे चार तुकडे. काउंटर सोडायच्या आधी आईंनी ते मोजायचे आणि फोनवर फोटो काढायचा. तुकडा नाही तर बॅग तुमची हे सिद्ध करायला तासभर जातो. आणि चारही बॅगा बाबांच्याच नावावर लावल्या आहेत का, तेही बघा. एकाच तिकिटावर दोघं असले की सगळ्या बॅगा पहिल्या नावावर चढवायची काउंटरवाल्यांना सवय असते. तसं झालं तर मोठं बिघडत नाही, पण उद्या तक्रार द्यायची वेळ आली तर ती टॅगवरच्याच नावाने द्यावी लागते. शक्य असेल तर दोन बाबांच्या, दोन आईंच्या नावावर लावायला सांगा. शिवाय दोघांचे कपडे चारही बॅगांत मिसळून भरा. एक बॅग मागे राहिली तरी कोणाचीच सगळी अडचण होत नाही.

मागच्या प्रवासांचे जुने टॅग काढून टाकायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण टॅग लावताना त्याची पिल्लंही बॅगेवर इकडेतिकडे चिकटवलेली असतात, बोटाच्या पेराएवढे बारकोड. ती नखाने खरवडून काढायला हवीत. विमानतळाच्या पोटात शिरल्यावर बॅग एका कमानीखालून जाते, तिथली यंत्रं सगळ्या बाजूंनी बारकोड शोधतात. दोन वेगळे क्रमांक दिसले की यंत्र गोंधळतं आणि बॅग बाजूला, माणसाच्या हाताखाली जाते. तो माणूस कामसू असतो, पण पहाटे तीनला त्याच्यापुढे अशा चाळीस बॅगा असतात. बाबांच्या जुन्या बॅगेला एखाद्या ट्रिपचं पिल्लू अजून चिकटलेलं असेल, आजच बघा.

आता जे कोणी सांगत नाही ते. कितीतरी बॅगा मुंबईतच मागे राहतात, आणि त्याचं कारण असतं आतला माल. चेक-इन झालेली प्रत्येक बॅग क्ष-किरणांखालून जाते. आत पॉवर बँक दिसली की बॅग थांबते, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटात न्यायला मनाई आहे. त्या हातातल्या बॅगेतच हव्यात. मग प्रवाशाला बोलावतात. प्रवासी तोवर इमिग्रेशन ओलांडून गेटवर कान झाकून झोपलेला. विमान उडतं, बॅग राहते. हेच सुक्या खोबऱ्याचं. हो, खोबऱ्याच्या वाट्यांचं. खोबरं तेलकट, पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाहतुकीच्या नियमांत ते ज्वलनशील मालात मोडतं आणि चेक-इन बॅगेत चालत नाही. कोल्हापूरची आई मुलाकडे निघाली आणि बॅगेत खोबरं नाही, असं मी फार कमी वेळा पाहिलं. कांदा-लसूण मसाला खुशाल न्या, तो खोबरं घालून भाजून-दळून झालेला असतो, पण वाट्या नकोत. आंबा, कढीलिंब, ताजी फळं-पालेभाज्यांचं दुखणं वेगळं. ते मुंबईत अडत नाही, शिकागोत अडतं. तिथल्या तपासणीत गेलेला वेळ पुढच्या विमानातून वजा होतो. जे खाण्याचं असेल ते विचारल्यावर सरळ "आहे" म्हणून सांगायचं.

वजनाचंही हरवण्याशी नातं आहे, ते असं. तिकिटावर बॅगेमागे २३ किलो लिहिलेले असतील तर घरच्या काट्यावर २२ भरा. काउंटरवर २५ निघाले की बॅग तिथेच जमिनीवर उघडली जाते, लाडवांचा डबा ह्या बॅगेतून त्या बॅगेत, त्यातली चादर हातात, रांग मागे खोळंबलेली. या झटापटीत पासपोर्टची पिशवी ट्रॉलीवर राहते, औषधाची पुडी चेक-इन बॅगेत जाते, वर ठेवलेला नावाचा कागद खाली पडतो. काउंटरपाशी जमिनीवर पडलेले असे कागद सफाईवाल्या मावशी मला आणून द्यायच्या.

तिकीट तुम्ही काढणार असाल तर सगळ्यात मोठी खबरदारी तुमच्याच हातात आहे. तिन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घ्या. शिकागो ते कोलंबस स्वस्त मिळतं म्हणून वेगळं काढलंत, तर बॅग पुढच्या विमानाला देण्याची जबाबदारी कोणाचीच नसते, फक्त बाबांची असते. आणि वेळ सोडा. माणूस धावू शकतो, बॅग धावू शकत नाही. तिला एका विमानातून उतरायचं, वर्गवारीत शिरायचं, दुसऱ्या विमानाच्या गाडीत चढायचं. बुकिंगच्या वेबसाइटवर सव्वा तासाचा बदल "चालतो" म्हणून दाखवतात. चालतो, सगळं वेळेवर असेल तर. फ्रँकफर्टला अडीच-तीन तास धरा, शिकागोला निदान साडेतीन. आई-बाबांना दोन तास बाकावर बसून कंटाळा येईल. त्याला इलाज म्हणजे डब्यातले धपाटे.

शिकागोबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण पहिल्यांदा जाणारे नेमके तिथेच चुकतात. टॅगवर कोलंबस लिहिलेलं असलं, काउंटरवरच्या मुलीने "बॅगा थेट कोलंबसला मिळतील" असं सांगितलेलं असलं, तरी अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा पाय ठेवता, तिथे बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलाव्या लागतात. इमिग्रेशन, मग बॅगा, मग कस्टम्स, आणि दाराबाहेर लगेचच पुढच्या विमानासाठी बॅगा परत देण्याची जागा असते. तिथे टॅग दाखवायचा, बॅग द्यायची, संपलं. बाबा हे विसरले आणि सरळ पुढच्या गेटकडे गेले, तर चारही बॅगा शिकागोच्या पट्ट्यावर फिरत राहतील. "माझी बॅग शिकागोने हरवली" म्हणून आलेल्या तक्रारींतल्या कित्येक मी वाचल्या, त्या बॅगा कोणी हरवल्या नव्हत्या, कोणी उचलल्याच नव्हत्या. परतीला हीच गोष्ट आपल्याकडेही होते. परदेशातून मुंबई किंवा दिल्लीला उतरून पुढे देशांतर्गत विमानाने जाणाऱ्यांना बहुतेक वेळा पहिल्या विमानतळावरच बॅगा घेऊन कस्टम्समधून जावं लागतं. चेक-इन करतानाच "बॅग मला कुठे हातात मिळणार?" एवढं विचारायला सांगा. "बॅग कुठे जाणार?" असं नाही विचारायचं, त्याचं उत्तर नेहमी शेवटच्या गावाचं नाव असतं.

हातातल्या बॅगेत काय ठेवायचं ते तुम्हाला माहीत असेल: औषधं (दोघांची निदान आठवडाभराची, चिठ्ठीसकट), कागदपत्रं, दागिने, चष्मा, एक कपड्यांचा जोड, घराच्या किल्ल्या. फक्त एक सापळा सांगते. विमान भरलेलं असलं की गेटवर गोड आवाजात म्हणतात, छोटी बॅग आम्ही खाली ठेवतो, पैसे नाहीत. माणूस खूश होऊन देतो. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या आणि पॉवर बँक. म्हणून हातातल्या बॅगेच्याही आत एक कापडी पिशवी असू द्या, औषधं-पासपोर्ट-पॉवर बँकेची. बॅग मागितली की पिशवी काढून गळ्यात, मग बॅग द्या.

प्लॅस्टिक गुंडाळण्याच्या यंत्रावर मी कधी पैसे घालवले नाहीत. त्याने चाक, मूठ वाचते हे खरं, पण बॅग हरवायची ती गुंडाळूनही हरवते, वर चिकटपट्टीची फुली झाकली जाते. बॅग कुठे आहे ते फोनवर दाखवणारं एअरटॅगसारखं यंत्र मात्र घ्या. त्याचं बटन-सेल इतकं लहान असतं की चेक-इन बॅगेत चालतं. त्याचा खरा उपयोग बॅग शोधण्यापेक्षा भांडण मिटवण्याला होतो. काउंटरवरचा माणूस म्हणतो, "बॅग विमानात चढली आहे," आणि तुमच्या फोनवर ती अजून फ्रँकफर्टला दिसते. अशा वेळी आवाज न चढवता फोन समोर धरायचा. आता काही विमान कंपन्या ही जागा दाखवणारी लिंक तक्रारीत जोडूनही घेतात. पण यंत्राच्या भरवशावर कागद ठेवायचा राहिला, असं नको. यंत्र तुम्हाला बॅग कुठे आहे ते सांगतं. बॅग ज्याच्या हातात आहे, त्याला ती कोणाची हे कागदच सांगतो.

आता कोल्हापूर ते मुंबई. हसू नका, पण विमानात हरवण्याइतकंच सामान गाडीत आणि टॅक्सीत राहतं, फक्त त्याची तक्रार कोणी सिटाकडे करत नाही. मी स्वतः एकदा लग्नाहून परत येताना दादरला घाईत पाच नग घेऊन उतरले, सहावा वरच्या बर्थवर. हरवलेल्या सामानाची तज्ज्ञ! सुदैवाने गाडी पुढे शेवटच्या स्टेशनाला जाऊन थांबते, आणि त्या बॅगेत नाव-फोनचा कागद होता. रेल्वे पोलिसांचा फोन मला टॅक्सीतच आला. हापिसात मात्र मी हे निवृत्तीपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: नग मोजायचे आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. घरातून निघताना सहा, गाडीत चढल्यावर सहा, उतरण्याआधी सहा, टॅक्सीत सहा. पाण्याची बाटली आणि आईंची पर्स हेही नगच धरा, म्हणजे आठ. मोजणारा एकच माणूस ठेवायचा. दोघांनी मोजलं की दोघांनाही वाटतं दुसऱ्याने मोजलं. शेवटच्या स्टेशनाचं तिकीट काढलंत तर उतरायची घाई राहत नाही. बर्थखाली लोखंडी कड्या असतात, त्यांत साखळी ओवून बॅगा बांधता येतात. बुक न केलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वे सहसा घेत नाही. रेल्वेचा निष्काळजीपणा दाखवता आला तरच, असं १९८९ च्या रेल्वे कायद्यात लिहिलं आहे. सामान राहिलंच तर १३९ वर लगेच फोन करून गाडीचा क्रमांक, डबा, बर्थ सांगायचा. रेल्वे सुरक्षा दलाचा "अमानत" नावाचा उपक्रमच त्यासाठी आहे. टॅक्सीत बसण्याआधी तिच्या नंबरप्लेटचा फोटो काढा. उतरल्यावर डिकी उघडी ठेवायला सांगून आधी नग मोजायचे, मग पैसे द्यायचे. हा क्रम उलटा करू नये.

आणि इतकं करूनही कोलंबसला तीनच बॅगा आल्या तर? दाराबाहेर पडायचं नाही. पट्ट्याजवळच सामानाचं काउंटर असतं, शेवटचं विमान ज्या कंपनीचं तिचं. तिथे तक्रार लिहून घ्या, तिला पीआयआर म्हणतात. तिचा दहा अक्षरी-आकडी क्रमांक मिळतो: तीन अक्षरं विमानतळाची, दोन कंपनीची, पाच आकडे. तो मिळाल्याशिवाय "बघतो, फोन करतो" यावर घरी जाऊ नये. बॅगेचा बाहेरून आणि उघडून आतून काढलेला फोटो फोनवर असेल तर काम निम्मं होतं, "काळी, मोठी, चाकांची" म्हणावं लागत नाही. मधल्या दिवसांत घ्याव्या लागलेल्या गोष्टींची बिलं जपून ठेवा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू होतो, भारत २००९ पासून त्यात आहे. त्यानुसार फुटतुटीची लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिराने आलेल्या सामानाची ते हाती आल्यापासून २१ दिवसांत द्यायची. २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून दावा करता येतो. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), रुपयांत साधारण पावणेदोन लाखांच्या घरात. पण ही मर्यादा आहे, हक्काची ठरलेली रक्कम नव्हे. आत काय होतं ते दाखवावं लागतं. देशांतर्गत प्रवासात ती फक्त २०,००० रुपये आहे. आजीचा गोठ चेक-इन बॅगेत ठेवणाऱ्यांना मी हा आकडा सांगायचे आणि त्यांचे चेहरे बघवायचे नाहीत.

शेवटी बाबांच्या खिशात ठेवायची चिठ्ठी. मी माझ्या ओळखीतल्या सगळ्या ज्येष्ठांना हीच देते, मराठीत, मोठ्या अक्षरांत, बोर्डिंग पासबरोबर:

"मुंबई: टॅगवर सीएमएच आहे का? तुकडे चार.
फ्रँकफर्ट: बॅगा घ्यायच्या नाहीत. फक्त गेट शोधायचं.
शिकागो: बॅगा घ्यायच्या. चार. कस्टम्सनंतर लगेच परत द्यायच्या.
कोलंबस: बॅगा चार. कमी असतील तर बाहेर पडायचं नाही, मला फोन."

खाली तुमचा नंबर. आणि खोबऱ्याच्या वाट्यांचं आईंना तुम्हीच आधी फोनवर सांगा. काउंटरवर परक्या मुलीने काढायला लावल्या तर त्यांना वाईट वाटेल.